सबमिशन, केटी आणि उडालेली झोप : कॉलेजमधल्या ताणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रात पदवी किंवा इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, गाव सोडून हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन) राहणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घरून ये-जा करणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल. जीव नकोसा वाटतोय म्हणून इथवर आला असाल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ लावा. ही ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

थोडा ताण असावाच असं सगळे म्हणतात. मग तो किती झाला की जास्त समजायचा?

यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली. ताण वाढला की काम सुधारतं, पण एका मर्यादेपर्यंतच. या निष्कर्षाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही : काम जितकं अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल उतरवून होतं, पण त्याच घाईत गणिताचं नवं युनिट डोक्यात शिरत नाही. उतरवून काढायचं काम दडपणाखाली होतं, समजून घ्यायचं होत नाही. शेवटच्या रात्रीवर काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही, हे यावरून ठरवा.

कितपत ताण चालेल याची खूण सोपी आहे. पेपरच्या आधी पोटात गोळा आला आणि पेपर संपल्यावर भूक लागली, तर काही बिघडलेलं नाही. पेपर संपून आठवडा झाला तरी छाती जड, जेवण नको आणि कोणाशी बोलावंसं वाटत नाही, तर प्रश्न पेपरचा राहिलेला नाही.

डोक्यात एकदम दहा गोष्टी फिरतात आणि त्यामुळे एकही होत नाही. सुरुवात कुठून करू?

कागदावरून करा, मोबाइलवर नको. मोबाइलवर यादी करायला बसलं की वरून मेसेज येतो आणि यादी तिथेच राहते.

एक कोरं पान घ्या आणि दहा मिनिटांत डोक्यात असेल ते सगळं लिहून काढा. मेसचे पैसे, ओरलची (तोंडी परीक्षेची) तारीख, बोनाफाइड, रूममेटशी झालेलं भांडण, आईला न केलेला फोन, जे असेल ते. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा : शेवटची तारीख, आणि पंधरा मिनिटांत होईल असं पहिलं पाऊल. ‘प्रोजेक्ट’ हे काम नव्हे, ते नुसतं ओझ्याचं नाव आहे. ‘गाइडना विषयाच्या दोन ओळी मेल करणं’ हे काम. ‘डिफॉल्टर लिस्ट’, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, हेही काम नव्हे. ‘सोमवारी सव्वादहाला क्लास टीचरना भेटून नेमकी हजेरी किती भरते ते विचारणं’ हे काम.

ज्यांच्यापुढे पहिलं पाऊल सुचतच नाही, त्या बहुतेक तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी असतात, म्हणजे निकाल, प्लेसमेंटला कोणत्या कंपन्या येणार, भावाचं लग्न. त्यांच्याभोवती चौकट काढा आणि आज त्या सोडून द्या. उरलेल्यांपैकी तीनच कामं उद्याची.

यात हमखास एक गोष्ट बिघडते. यादी सुबक अक्षरात पुन्हा उतरवणं, रंगीत पेनं, नवीन वही. यादी नटवण्यात संध्याकाळ जाते आणि काहीतरी केल्याचं खोटं समाधान मिळतं. पान खरडलेलंच राहू द्या.

पेपर पाच दिवसांवर आलाय आणि सिलॅबस तसाच पडलाय. आता काय?

आधी पेपरची रचना बघा. उदाहरणादाखल पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचा २०१९ चा पॅटर्न घेऊ. इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० गुणांची, एंडसेम (सत्राच्या शेवटची) ७० ची. एंडसेमला तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर प्रश्न येतात आणि ‘किंवा’चा पर्याय त्या-त्या युनिटच्या आतच असतो. म्हणजे एक युनिट सरसकट ऑप्शनला टाकलं की १७-१८ गुण गेलेच. अशा पेपरला दोन युनिटं तोंडपाठ आणि दोन कोरी, हा सौदा तोट्याचा आहे. चारही अर्धी-अर्धी केलेली बरी. तुमचं विद्यापीठ किंवा पॅटर्न वेगळा असेल तर हाच हिशोब आपल्या पेपरवर मांडा.

पहिल्या दिवशी सकाळी दोन तास पुस्तक उघडू नका. मागचे चार-पाच पेपर समोर घ्या आणि कोणत्या युनिटमधलं काय पुन्हा पुन्हा विचारलंय त्यावर खुणा करा. त्यानंतर रोज एक युनिट. सकाळी खुणा केलेले भाग वाचायचे, दुपारी गणितं किंवा आकृत्या सोडवायच्या, संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. दुसऱ्या दिवशी नवं युनिट सुरू करण्याआधी वीस मिनिटं कालचं आठवायचं. पाचव्या दिवशी घड्याळ लावून एक अख्खा पेपर सोडवायचा. मध्ये उठायचं नाही, उत्तर बघायचं नाही.

कोऱ्या कागदावर आठवून लिहिण्याचा भाग सगळे गाळतात, कारण तो त्रासदायक असतो. आपल्याला काय येत नाही ते तिथे उघडं पडतं. पण वाचलेलं किती झपाट्याने विसरतं ते एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त गळती होते, आणि ती थांबते पुन्हा आठवल्याने, पुन्हा वाचल्याने फारशी नाही. हायलायटरने पिवळं केलेलं पान ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि येणं यातला फरक पेपर हातात पडल्यावर कळतो, आणि तेव्हा धडधड सुरू होते.

नाइट मारली तर चालेल का?

जर्नलसाठी, एखाद वेळी, चालेल. पेपरच्या आदल्या रात्री नको. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, ती झोपच कापली तर वाचलेलंही वाया. सलग १७-१८ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि लक्ष हे थोडी दारू घेतलेल्या माणसासारखे मंदावतात, असं मोजून पाहिलेलं आहे. त्या अवस्थेत गणितातलं उणे चिन्ह सुटतं आणि घरी आल्यावर आठवतं.

अगदीच इलाज नसेल तर निदान साडेचार-पाच तास झोपा आणि पहाटे उठून करा. दुपारची डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची. तासभर झोपलात की गाढ झोपेतून उठता आणि पुढचा तास डोकं जड राहतं.

चहा-कॉफीचा हिशोब असा. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन दोन-अडीचला अंगात असतंच. एका मोठ्या कपभर कॉफीत ८०-१०० मिलिग्रॅम, कपभर चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५-८०. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. पण उपाशीपोटी दोन कॅन रिचवल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते आणि ‘मला टेन्शन आलंय’ असं वाटतं. ते टेन्शन कॅनमधलं असतं. दुपारी तीननंतर बंद, एवढं पाळलंत तरी आठवड्याभरात फरक दिसतो.

झोपायचं असतं पण झोपच लागत नाही.

सगळी पुस्तकं सांगतात की पलंग फक्त झोपेसाठी ठेवा. कॉट बेसिसवर राहणाऱ्याची कॉट म्हणजेच त्याचं टेबल, जेवणाची जागा आणि कपाट. तिथे हा सल्ला जसाच्या तसा पाळता येत नाही, पण थोडा वाकवता येतो. अभ्यास करताना पायाकडच्या टोकाला भिंतीला टेकून बसा, उशी आणि चादर गुंडाळून बाजूला ठेवा. झोपताना ती पसरा. खाली सतरंजीवर बसता आलं तर आणखी बरं. जवळ अभ्यासिका असेल तर तिचं महिन्याचं शुल्क हा उधळेपणा नव्हे.

बाकीचं नेहमीचंच, पण केल्याशिवाय कळत नाही. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. झोपायची वेळ आपोआप जुळते. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे दहाला झोप येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. फोन हात पोचणार नाही अशा ठिकाणी चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे मिटायला लागले की परत आडवे व्हा. तळमळत पडून राहिलं की मेंदू कॉटचं नातं तळमळीशी जोडतो.

परीक्षेच्या हॉलमध्ये अचानक छाती धडधडते, हात गार पडतात, आता मरणार असं वाटतं. हे काय?

याला पॅनिक अटॅक म्हणतात. आतून भयानक वाटतो, पण तो जिवावर उठत नाही. साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात उतरतो.

होतं काय ते समजलं की निम्मी भीती जाते. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, हवा गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकली जाते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते. मग वाटतं श्वास पुरत नाहीये, आणि आपण आणखी जोरात ओढतो. ‘दीर्घ श्वास घे’ असा सल्ला इथे उलटा पडू शकतो. लांबवायचा तो उच्छ्वास. नाकाने चार मोजत घ्या, ओठांचा लहान चंबू करून सहा मोजत सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. असं चार-पाच मिनिटं करा. पिशवीत तोंड घालू नका.

हॉलमध्ये करायचं ते असं : पेन खाली ठेवा, दोन्ही तळवे बाकावर, दोन्ही पाय जमिनीवर. पर्यवेक्षकांकडे पाणी मागा, ते देतात. श्वास थोडा बसला की उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक पुन्हा तपासा. हात लिहिता होतो. मग पेपरमधला सगळ्यात लहान, येणारा प्रश्न शोधून तो आधी लिहा. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची सक्ती नसते. दहा मिनिटं गेली तरी पेपर गेला असं होत नाही. उठून निघून आलात तर मात्र पुढच्या पेपरला हॉलचीच भीती बसते.

असं पहिल्यांदाच झालं असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख एवढं तपासलं की ‘दुसरंच काही नसेल ना’ ही शंका मिटते.

ओरलला असं झालं तर सरळ सांगा : “सर, हे आत्ता आठवत नाहीये, याच्या आधीचा भाग सांगू का?” बहुतेक परीक्षक हो म्हणतात. गप्प बसून राहण्यापेक्षा हे कधीही बरं.

केटी लागली, म्हणजे विषय राहिला. घरी कसं सांगू?

सांगण्याआधी दोन गोष्टी माहीत करून घ्या. पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो की नाही, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन विचारा. मित्रांच्या ग्रुपवरचं ऐकू नका, पॅटर्न बदलला की नियम बदलतात. आणि उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी व पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख बघा. निकालानंतर ही मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि रडण्यात नेमके तेच दिवस जातात.

मग फोन करा. निकाल दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. बाबा तापट असतील तर आधी आत्या, मामा, ताई, जे ऐकून घेतात त्यांना. वाक्यं आधी कागदावर लिहून घेतलीत तरी चालेल : “आई, माझे दोन विषय राहिलेत. वर्ष गेलेलं नाही, पुढच्या वर्गात बसता येतंय. फोटोकॉपीचा अर्ज भरलाय. परत पेपर द्यायची फी भरावी लागेल, किती ते उद्या सांगते.” काय झालं, काय शाबूत आहे, पुढे काय आणि खर्च किती, एवढं आलं की पुष्कळ झालं. त्या दिवशी बोलणी बसतील. आईवडिलांचा पहिला राग बहुतेकदा फसवणुकीच्या संशयाचा असतो, विषयांचा नंतर. सेमिस्टरभर ‘सगळं छान चाललंय’ म्हणत राहिलात तर तो वाढतो.

पैशांमुळे अभ्यासात लक्ष लागत नाही.

हा ताण श्वास मोजून जात नाही. स्कॉलरशिप अडकली असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज नेमका कुठे थांबलाय ते उघडून बघा. नेहमीची कारणं ठरलेली आहेत : बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचाच राहिला, किंवा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडून आहे. शेवटचं असेल तर कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर जा, आणि गेल्याची तारीख लिहून ठेवा.

वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून मिळते, आणि तरी फी मागितली जात असेल तर शासन निर्णयाची प्रत घेऊन विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना पुणे विद्यापीठासह बऱ्याच ठिकाणी सुरू आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. ते तुमच्या फोनमधले नंबर घेतात आणि वसुलीसाठी तुमच्या मावशीला फोन करतात. आणि पैसे वाचवायला मेसचं एक ताट बंद करणं ही सगळ्यात महागडी काटकसर. संध्याकाळी सातची चिडचिड अनेकदा दुपारी न जेवल्याची असते.

मराठी माध्यमातून आलोय, वर्गात काही कळत नाही.

पहिलं सेमिस्टर बहुतेकांचं असंच जातं. अडतं ते इंग्रजी व्याकरणापाशी नाही, विषयातल्या शब्दांपाशी, आणि एका विषयात असे शब्द शे-दीडशेच असतात. लेक्चरला जाण्याआधी त्या दिवशीच्या भागातले दहा शब्द अर्थासकट वहीत लिहून न्या. हे दीड महिना करा.

प्राणायाम, ध्यान, व्यायाम यांनी खरंच फरक पडतो?

पडतो. रोज अर्धा तास भरभर चालणं, इतकं की बोलता येईल पण गाता येणार नाही. ध्यानाला बसल्यावर काहींची घालमेल उलट वाढते. तसं होत असेल तर ते सोडा आणि चाला.

सीनियर त्रास देतात. तक्रार केली तर आणखी त्रास होईल ना?

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. म्हणून तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. देशपातळीवरचा क्रमांक १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

नेमकं कोणाकडे जायचं? आणि घरी कळेल का?

समुपदेशक बोलून मदत करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषध तेच लिहू शकतात. उदासी, कशातच रस नसणं, झोप किंवा भूक बिघडणं हे दोन आठवडे जवळपास रोज चाललं असेल, तर थांबू नका.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असायला हवा. कॉलेजमधल्या माणसाकडे जायचं नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम. केसपेपर थोड्या पैशांत निघतो, रांग मात्र असते, सकाळी लवकर जा. वय १८ पूर्ण असेल तर पालकांची सही लागत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र डॉक्टर घरच्यांना सांगू शकतात.

नैराश्यावरची नेहमीची औषधं लागू व्हायला दोन ते सहा आठवडे घेतात. सुरुवातीला मळमळ होते, आणि इथेच बरेच जण ती सोडतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्यास त्रास होतो. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता फार वाढली किंवा नको ते विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणून रूममेटच्या पाकिटातली ‘हलकी’ गोळी घेऊ नका.

मित्र म्हणतो, “आता सगळं संपवावंसं वाटतं.” मी काय बोलू?

सरळ विचारा : “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. “घरच्यांचा विचार कर”, “इतक्याशा गोष्टीसाठी?” ही वाक्यं टाळा, त्यांनी तोंड मिटतं. ऐका. कसं, कधी, असं काही ठरवलंय का तेही विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, ज्याने इजा होऊ शकते ते खोलीतून हलवा, आणि ११२ किंवा १४४१६ लावा, नाहीतर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असेल तर ती मोडा, आणि मोडतोय हे त्याला सांगा.

रेक्टर, त्याचा भाऊ किंवा बहीण, आणि आणखी एक मित्र, एवढ्यांना त्याच रात्री सामील करून घ्या. कोण कधी सोबत राहणार त्याच्या पाळ्या लावा. एकट्याने जागत बसलात तर तिसऱ्या रात्री तुमचा डोळा लागेलच.